जुना बाजार, तांबट आळी आणि काका केळकर: पुण्यातला एक दिवस



डिसेंबर जवळ आला की मॉरिसव्हिल आणि कॅरीमधल्या आपल्या घरांत दोनच प्रश्न ऐकू येतात. तिकीट कितीला पडलं, आणि यंदा पुण्यात मुलांना दाखवायचं काय? शनिवारवाडा झाला, सिंहगड झाला, दगडूशेठ झाला. मुलं आता ‘अगेन?’ म्हणून तोंड वाकडं करतात. त्यातच आपल्या एका श्रोत्यांनी विचारलं, की आम्हाला जुन्या वस्तू जमवायचा नाद आहे, पुण्यात एकच दिवस मोकळा मिळतोय, तर कुठे कुठे जाऊ?

आजचा भाग त्यांच्यासाठी, आणि तुमच्यापैकी ज्यांच्या घरात असा एखादा नादिष्ट माणूस आहे त्या सगळ्यांसाठी. खरेदी करू, शहर बघू, आणि वाटेत एका चष्म्याच्या दुकानदाराची गोष्ट ऐकू.

पण पुण्याला जाण्याआधी थोडी वाट वाकडी करून मी तुम्हाला जपानात, क्योटोला नेणार आहे. कामानिमित्त तिकडे जाणं झालं, एक दिवस हाताशी होता आणि नशिबानं ती २१ तारीख होती. क्योटोत दर महिन्याच्या २१ तारखेला तोजी या देवळाच्या आवारात बाजार भरतो. कोबो दाइशी नावाचे मोठे बौद्ध आचार्य ८३५ साली तिसऱ्या महिन्याच्या २१ तारखेला गेले, म्हणून ही तिथी. आपल्याकडे पुण्यतिथीला जशी जत्रा भरते तसंच. मागे सुमारे ५५ मीटर उंचीचा पाच मजली लाकडी पॅगोडा आणि त्याच्या सावलीत जुने किमोनो, चहाच्या किटल्या, लोखंडी कुलपं, भाजीच्या रोपांपासून लोणच्यांपर्यंत सगळं काही.

मी तिथे एक छोटी पांढऱ्या-निळ्या चिनीमातीची वाटी घेतली. कान नसलेल्या कपासारखी, सरळ उभ्या कडांची. विकणाऱ्या आजोबांनी पैसे घेण्याआधी मला थांबवलं आणि फोनवरच्या भाषांतराच्या मदतीनं समजावलं, की हिला सोबाचोको म्हणतात. सोबा नावाच्या शेवया खाताना त्या ज्या रसात बुडवायच्या, तो रस हिच्यात. किंमत सांगायला त्यांना दहा सेकंद लागले, वस्तू सांगायला दहा मिनिटं. मला ती दहा मिनिटं वाटीपेक्षा महाग वाटली.

याच बाजारांत साधारण १०० वर्षांपूर्वी एक माणूस फिरत असे. यानागी सोएत्सु त्याचं नाव. १९२३ च्या भूकंपानंतर तो टोकियो सोडून क्योटोला राहायला आला. देवळांच्या बाजारातून तो शेतकऱ्यांचे वाडगे, घोंगड्या, तेलाच्या बशा असलं काहीबाही उचलायचा. बाजारात बसणाऱ्या म्हाताऱ्या बायका अशा मालाला ‘गेतेमोनो’ म्हणत, म्हणजे हलका, रोजच्या वापरातला माल. यानागीनं तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला. पुढे १९२५ मध्ये त्यानं आणि त्याच्या कुंभार मित्रांनी ‘मिंगेई’ हा नवा शब्द काढला. मिंगेई म्हणजे लोकांची कला. १९३६ मध्ये टोकियोत त्याचं संग्रहालय उभं राहिलं, आणि ज्या वाडग्यांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं ते काचेच्या कपाटात गेले.

हे सगळं ऐकल्यावर मला जपानचं कौतुक वाटलं, आणि लगेच पुण्यातले काका केळकर आठवले. दोघं जवळजवळ एकाच वयाचे. यानागीचा जन्म १८८९ चा, केळकरांचा १८९६ चा. त्यांच्याकडे आपण पोचूच, पण दुपारी. दिवसाची सुरुवात सकाळी करायची आहे, आणि जेट लॅगनं तुम्ही तसेही पहाटे चारला टक्क जागे असणार.

तर दिवस बुधवार किंवा रविवार निवडा, कारण मंगळवार पेठेतला जुना बाजार याच दोन दिवशी भरतो. मंगळवार पेठेतला बाजार मंगळवारी का भरत नाही हे मला विचारू नका, पुणं आहे ते. लवकर जा. ऊन चढलं की गर्दी वाढते आणि चांगला माल दुसऱ्या नादिष्टांनी उचललेला असतो.

जमिनीवर ताडपत्र्या, त्यावर मोटारीचे सुटे भाग, पाने-पक्कड, बंद पडलेली घड्याळं, रेडिओ, टाइपरायटर, बूट, आणि मधूनच एखादा ढीग पितळेचा. या ढिगासमोर उकिडवे बसा. समईचा नुसताच खांब असेल, वरचा मोर गेलेला. झाकण हरवलेलं चुनाळं असेल. गडवा, चंबू, फुलपात्र, ओगराळं, पंचपात्र असं एखाद्या घराचं अख्खं स्वयंपाकघर आणि देवघर एकाच ताडपत्रीवर आलेलं दिसेल. काही भांड्यांवर नाव कोरलेलं असतं. लग्नात किंवा मुंजीत कुणी कुणाला दिलं ते, आणि तारीख. अशी नावं वाचताना मला नेहमी थोडं चोरट्यासारखं वाटतं.

इथे बहुतेक माल वजनावर जातो. क्योटोच्या आजोबांसारखी गोष्ट सांगायला इथल्या विक्रेत्याला वेळ नाही, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? त्याच्याकडे ती वस्तू भंगारवाल्याकडून आली, भंगारवाल्याकडे एखाद्या रिकाम्या होणाऱ्या घरातून. घरातून निघतानाच जर कोणी सांगितलं नसेल, तर बाजारात कोण सांगणार?

नाण्यांच्या ताडपत्रीवर तुम्हाला शिवराई दिसेल. १६७४ मध्ये राज्याभिषेक झाला आणि शिवाजी महाराजांच्या नावाचं नाणं पाडलं गेलं. तांब्याच्या शिवराईवर एका बाजूला ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूला ‘छत्रपति’ अशी अक्षरं असतात. महाराजांच्या पश्चात, अगदी पेशवाई संपल्यानंतरही, ही नाणी चलनात फिरत राहिली, म्हणून त्यांचे प्रकार पुष्कळ. नकलाही पुष्कळ. नवख्यानं हौस म्हणून बघावी, पाकीट सांभाळावं.

आणि इथे आपल्यासारख्या परदेशी राहणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवायची. भारतात १९७२ चा पुरावस्तू कायदा आहे. १०० वर्षं किंवा त्याहून जुनी नाणी, मूर्ती, चित्रं, कारागिरीच्या वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. हस्तलिखितं आणि दस्तऐवजांना तर ७५ वर्षांचीच मर्यादा आहे. खरी शिवराई बॅगेत टाकून मुंबई विमानतळावर जाणं म्हणजे तुरुंगाचा रस्ता विचारणं. वस्तू इतकी जुनी नाही असं वाटत असेल तरी शंका ठेवू नका. भारतीय पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला मिळतो, तो घ्या. ‘आमच्या आजीचीच आहे हो’ हे उत्तर कस्टमला पुरत नाही. पणजीचं पानदान घरचं असलं तरी वयानं पुरावस्तूच ठरू शकतं.

जुन्या बाजारातून बाहेर पडलात की कसबा पेठ जवळच आहे. तिथल्या तांबट आळीचा पत्ता कानानं शोधता येतो. ठक ठक ठक असा एकसुरी आवाज येऊ लागला की त्या दिशेनं चालायचं.

पेशवाईत पुणं वाढलं तसे वेगवेगळे कारागीर इथे येऊन वसले आणि त्यांच्या नावांनी आळ्या पडल्या. तांबट कोकणातून आले. वाड्यांना लागणारे हंडे, घंगाळी, बंब, पराती हे त्यांचं काम. तांब्याच्या पत्र्याला आकार दिला, की मग खरी कारागिरी सुरू होते. गुळगुळीत तोंडाच्या हातोडीनं भांड्यावर शेजारी शेजारी, ओळीनं ठोके द्यायचे. याला मठारकाम म्हणतात. तांबं ठोक्यांनी कडक होतं, भांड्याला बळकटी येते आणि वर चांदणीसारखी नक्षी उमटते. म्हणजे तुम्हाला जी शोभा वाटते ती मुळात मजबुतीसाठी केलेली आहे. ठोके मोजत बसलात तर लक्षात येईल, एका साध्या तांब्यावर शेकडोंनी असतात आणि एकही दुसऱ्यावर चढलेला नसतो.

इथे खुशाल खरेदी करा. नवं भांडं, कुठल्याही कायद्याची भीती नाही, आणि पैसे थेट ज्याच्या हातात हातोडी आहे त्याला. पाण्याचा तांब्या घ्या, घंगाळ घ्या. बंब मात्र घेऊ नका, आपल्या इथल्या घरांमधले स्मोक डिटेक्टर तो सहन करणार नाहीत. पिण्याच्या पाण्याखेरीज आंबट-तिखट शिजवायचं असेल तर तांब्याला आणि पितळेला आतून कल्हई हवी. भांडं तापवायचं, नवसागर टाकायचा, पांढरा धूर निघाला की कथलाची कांडी फिरवायची आणि कापसानं चकचकीत पुसायचं. तुमच्यापैकी चाळिशी ओलांडलेल्यांना दारावर येणारा कल्हईवाला आठवत असेल, तो वासही आठवत असेल. मुलांना हे यूट्यूबवर दाखवण्यापेक्षा प्रत्यक्ष बघायला मिळालं तर सोडू नका.

आता ऊन चढलंय, रिक्षा करा आणि बाजीराव रोडला या. शुक्रवार पेठेत, नातू बागेजवळ, राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. उघडण्या-मिटण्याच्या वेळा आधी बघून घ्या.

दिनकर गंगाधर केळकर हे काकासाहेब म्हणून ओळखले जात. घरचा व्यवसाय चष्म्याचा. ते स्वतः कवी, ‘अज्ञातवासी’ या टोपणनावानं लिहायचे, आणि त्यांच्या कवितांचा विषय बहुतेक इतिहास. कवितेसाठी जुन्या काळाचा अंदाज यावा म्हणून ते जुन्या घराण्यांकडे, वाड्यांमध्ये जाऊ लागले. तिथे कुणी तलवार दाखवी, कुणी ढाल. १९२० च्या सुमारास असा संग्रह सुरू झाला. इथपर्यंत नवल काही नाही. शस्त्रं, नाणी, चित्रं जमवणारे शौकीन त्या काळी आणखीही होते, राजेरजवाड्यांपाशी तर ढीगच होते.

नवल पुढे आहे. या माणसाची नजर तलवारीवरून घसरून कोपऱ्यातल्या दिव्यावर गेली. मग दिव्यावरून अडकित्त्यावर, अडकित्त्यावरून दौतीवर, कुलपावर, वज्रीवर. वज्री म्हणजे अंघोळीच्या वेळी टाच घासायची खरखरीत वस्तू. आज आपण प्लास्टिकच्या मुठीचा दगड दुकानातून आणतो तीच. त्या वज्रीच्या पाठीवर कुणीतरी मोर बसवलेला आहे, कुणी हत्ती. टाच घासायला मोर कशाला? पण कुणा कासाराला तो बसवावासा वाटला आणि कुणा बाईला तो रोज सकाळी हातात धरावासा वाटला. इतिहासाच्या पुस्तकात या दोघांपैकी कोणीही सापडणार नाही.

अडकित्त्यांचं कपाट तर मी दर खेपेला पुन्हा बघते. सुपारी कातरायला दोन पाती आणि एक खिळ, एवढंच पुरतं. पण त्या दोन दांड्यांचं कुणी घोड्याचं जोडपं केलंय, कुणी माणसांचं, कुणी पोपटाचं. लामणदिवे, फणी-करंड्याच्या पेट्या, शेवयांचे साचे, कलमदानं, वाड्यांचे कोरीव दरवाजे, चित्रकथींची चित्रं, वाद्यं, बाहुल्या. संग्रह २०,००० च्या घरात गेला, आणि त्यातला थोडाच भाग एका वेळी मांडता येतो.

आता जरा माझ्यातली एमबीए बोलते. हा संग्रह कोणत्याही हिशेबात बसत नाही. चष्म्याच्या दुकानाचं उत्पन्न ते किती, आणि त्यातून गावोगाव प्रवास, वस्तूंची किंमत, साठवायला जागा. विकून नफा काढायचा विचार नाही. ज्या वस्तूंना बाजारात वजनापलीकडे भाव नव्हता, त्या त्यांनी नेमक्या तेव्हाच घेतल्या. वीज आली म्हणून लामणदिवा उतरला, फाउंटन पेन आलं म्हणून दौत गेली, स्टील आलं म्हणून पितळ गेलं. तो काळ १९२० ते १९६० चा, म्हणजे मराठी घर आतून पूर्ण बदललं तोच. दहा-वीस वर्षं उशीर झाला असता तर ही सगळी भांडी वितळून नळाच्या तोट्या झाल्या असत्या.

या कामात पत्नी कमलाबाईंची साथ होती. त्यांच्याबद्दल लिहिलेलं फार कमी वाचायला मिळतं. माझा आपला एक अंदाज आहे. त्या काळी परका पुरुष कुणाच्या माजघरात किंवा स्वयंपाकघरात जाऊन ‘तुमची वज्री दाखवा’ असं म्हणू शकला नसता. संग्रहात बायकांच्या वापराच्या वस्तूंचं जे मोठं दालन आहे, ते बघताना मला कमलाबाई आठवतात.

संग्रहालयाच्या नावातला ‘राजा’ म्हणजे कुणी राजेसाहेब नव्हेत. तो त्यांचा मुलगा. लहानपणीच गेला. आई-वडिलांनी आयुष्यभर जमवलेल्या वस्तूंना त्याचं नाव दिलं आणि पुढे तो सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. १९८० मध्ये काकासाहेबांना पद्मश्री मिळाली, १९९० मध्ये ते गेले. मुलांना घेऊन जाल तेव्हा आत शिरण्याआधी एवढं जरूर सांगा. आमच्या धाकटीनं हे ऐकल्यावर बाहुल्यांच्या कपाटासमोर बराच वेळ काढला होता.

याच इमारतीत मस्तानी महाल आहे. बाजीरावांनी मस्तानीसाठी कोथरूडला बांधलेल्या महालाचे अवशेष काकासाहेबांनी उचलून आणले आणि इथे पुन्हा उभे केले. सिनेमा बघून आलेली मंडळी इथे फोटो काढतात, काढू देत. मी मात्र तुम्हाला अडकित्त्यांपाशी परत ओढीन.

पुण्याला अशा वेडाची परंपराच आहे म्हणा ना. इथून चालत जाता येईल अशा अंतरावर, सदाशिव पेठेत, भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. १९१० मध्ये इतिहासाचार्य राजवाडे आणि सरदार मेहेंदळे यांनी ते स्थापन केलं. राजवाडे कागदांच्या मागे गावोगाव फिरले. माळ्यावरची दप्तरं, उंदरांनी कुरतडलेले रुमाल, वाण्याच्या दुकानात पुड्या बांधायला निघालेली पत्रं. वाईला मिळालेल्या कागदांतून १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड निघाला, पानिपताच्या काळातल्या पत्रांचा. तिथून पुढे असे २२ खंड झाले. राजवाड्यांनी कागद वाचवले. कागदात मोहिमा असतात, कर्जं असतात, वतनांची भांडणं असतात. रात्री दिवा कसला लावत होते हे कागदात क्वचितच सापडतं. ते सांगायला चष्मेवाले काका लागले.

संग्रहालयातून बाहेर पडलात की तुळशीबाग हाकेच्या अंतरावर. भूक लागली असेल तर आधी मिसळ खा. पेशवाईत नारो आप्पाजी तुळशीबागवाल्यांनी इथे राममंदिर उभारलं, आणि देवळाभोवती बाजार वाढत गेला. क्योटोत देवळाच्या आवारात महिन्यातून एकदा बाजार, इथे रोज. इथली खास खरेदी म्हणजे भातुकली. पितळेचं बोटभर जातं, चूल, बंब, पाटा-वरवंटा, शेगडी, पोळपाट-लाटणं. मोठ्या आकारात ज्या वस्तू घराघरातून गेल्या, त्या लहान आकारात इथे अजून विकत मिळतात. बॅगेतही बसतात. मुलांपेक्षा आई-बापच जास्त वेळ रेंगाळतात असा माझा अनुभव आहे.

पुढचे दोन टप्पे झटपट. कोथरूडला, कर्वे रस्त्यापासून जवळच, जोशींचं लघुरेल्वे संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभं केलेलं, १ एप्रिल १९९८ ला लोकांसाठी उघडलेलं. दिवे मंद होतात आणि एका टेबलावरच्या अख्ख्या शहरात आगगाड्या धावू लागतात, सिग्नल बदलतात, रुळांचे सांधे सरकतात. मुलांना तिथे एक गोष्ट सांगा. आपलं मॉरिसव्हिल हे गावच रेल्वेमुळे आहे. १८५२ मध्ये जेरेमाया मॉरिस नावाच्या शेतकऱ्यानं नॉर्थ कॅरोलायना रेलरोडला तीन एकर जमीन दिली, म्हणून हे नाव. आणि त्याच्या पुढच्याच वर्षी, १६ एप्रिल १८५३ ला, बोरीबंदरहून ठाण्याला भारतातली पहिली प्रवासी गाडी सुटली. दोन्ही गावं एकाच वाफेची म्हणायची!

संध्याकाळी पाय दुखायला लागले की सिंहगड रोडवरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात बसा. ही जपानी पद्धतीची बाग आहे. ओकायामा या जपानी शहराशी पुण्याची मैत्री, आणि तिथल्या १७०० साली पूर्ण झालेल्या कोराकुएन बागेवरून ही बेतलेली. तळं, त्यात मासे, वळणाची वाट, मध्ये मोकळं हिरवं मैदान. जपानच्या प्रवासावर मराठीत ज्यांनी खळखळून हसवत लिहिलं त्या पु. लं.चं नाव तिला मिळालं, हेही जुळून आलं.

या बागेतल्या एका बाकावर मी गेल्या हिवाळ्यात बराच वेळ बसले होते. आमच्या आई-बाबांची कोथरूडची सोसायटी रिडेव्हलपमेंटला निघाली, तीन आठवड्यांत घर रिकामं करायचं होतं. तुमच्यापैकी अनेकांनी हे नुकतंच केलंय, काहींच्या दाराशी आलंय, मला माहीत आहे. चाळीस वर्षांचं घर. भाऊ सिडनीहून आलेला, मी इथून. माळ्यावरून तीन पोती भांडी निघाली. नवीन फ्लॅट होईपर्यंत आई भाड्याच्या दोन खोल्यांत राहणार, तिथे ती ठेवायची कुठे? इकडे आणायची तर विमानाला २३ किलोची बॅग. पितळेची एक परात त्यात किती खाते ते तुम्हीच बघा. खाली भंगारवाला उभा होता आणि त्याच्याकडे काटा होता.

आम्ही काय केलं ते सांगते, तुम्हाला उपयोगी पडेल. काट्यावर काहीही चढण्याआधी प्रत्येक भांडं आईच्या समोर ठेवलं आणि फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. चारच प्रश्न. याला काय म्हणतात, ह्यात काय करायचे, कुठून आलं, शेवटचं कधी वापरलं. आम्ही आयटीवाले ज्याला मेटाडेटा म्हणतो तो हाच. पहिल्या पोत्याला आई कंटाळली, ‘अगं भांडी ती भांडी, त्यात काय विचारायचं’ म्हणाली. दुसऱ्या पोत्यापासून तिला थांबवावं लागत होतं. कुठली परात दिवाळसणाची, कुठलं तसराळं आत्यानं भांडून परत मागितलेलं आणि आजीनं न दिलेलं, कुठल्या सतेल्यात पानशेतच्या पुरानंतर आठवडाभर शेजाऱ्यांसाठी पिठलं शिजत होतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं एवढं मला ठाऊक होतं. आमच्या सतेल्याचा त्याच्याशी संबंध आहे हे त्या दिवशी कळलं.

काही भांडी नातेवाइकांकडे गेली, काही आईजवळ राहिली, बरीचशी काट्यावर चढली. वाईट वाटलं, पण तीन पोती कुणालाच सांभाळता येत नाहीत, आणि प्रत्येक घरासाठी एक काका केळकर कुठून आणणार? मी इकडे दोनच वस्तू आणल्या.

त्यातली एक तळहातावर मावेल एवढी पितळी वाटी. एका बाजूला तिला लांबट चोच आहे. मला ती दिव्यात तेल घालायची वाटली होती, भावाला ती देवपूजेतली वाटली. आईलाही नक्की सांगता येईना, तिनं ती कधी वापरलेली नव्हती. मग साताऱ्याच्या काकूला व्हिडिओ कॉल लावला. काकू ८६ वर्षांची. तिनं चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ धरला, आम्हाला फक्त तिचं कपाळ दिसत होतं.

“अगं, बोंडलं आहे ते,” ती म्हणाली. “तान्ह्या बाळाला दूध पाजायचं. तुझा बाबा सातव्या महिन्यातला, अंगावर पिईना. सासूबाईंनी ह्यातनंच थेंब थेंब पाजून जगवला त्याला. कुठं होतं इतके दिवस?”

“माळ्यावर,” मी म्हटलं.

“मग घासून ठेव,” ती म्हणाली. “चिंच लाव, राखुंडी नको.”